फुलातून फूल, हिरव्या पाकळ्या, चपटे दांडे: मुंबईतल्या गुलाबांच्या विचित्र बहराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की ओळखीच्यांकडून एका ठरावीक प्रकारचे फोटो यायला लागतात. पूर्ण उमललेलं गुलाबाचं फूल आणि त्याच्या पोटातून वर आलेली दुसरी कळी. सोबत प्रश्न: "हे काय झालंय? झाड काढून टाकू का?" तोवर बहुधा कुणीतरी "व्हायरस आहे, लगेच उपटा" असा सल्ला देऊन मोकळं झालेलं असतं. अशा सल्ल्यापायी चांगली निरोगी झाडं कचऱ्यात जातात. ग्रीलमधल्या बारा इंची कुंडीत, इमारतींच्या सावल्यांमधून मिळेल तेवढ्या उन्हावर गुलाब फुलवायला काय कष्ट पडतात ते मुंबईकराला सांगायला नको. म्हणून कात्री हातात घेण्याआधी हे वाचा.

फुलाच्या मधोमध दुसरी कळी आली आहे. हा काय प्रकार आहे?

इंग्रजीत याला प्रोलिफरेशन म्हणतात, आपण सरळ 'फुलातून फूल' म्हणू. कधी मधून कळी येते, कधी चांगली पानं असलेली फांदीच निघते, तर कधी मध्ये नुसता हिरवा गुंता दिसतो. तिन्ही एकाच गोष्टीची रूपं आहेत.

शाळेत शिकलेलं आठवा: निदलपुंज (कळीखालची हिरवी पानं), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर), जायांग (स्त्रीकेसर). बाहेरून आत या क्रमानं चार मंडलं तयार होतात आणि जायांग झालं की शेंड्याची वाढ थांबते. फूल म्हणजे वाढ थांबलेली फांदीच. हे थांबणं बिघडलं की शेंडा पुढे वाढत राहतो आणि फुलाच्या छातीतून पुन्हा देठ, पानं, कळी असं सगळं निघतं. जर्मन कवी ग्योथेनं १७९० मध्ये वनस्पतींच्या रूपांतरावर लिहिताना नेमका असाच गुलाब पुराव्यादाखल घेतला होता. फुलाचे सगळे भाग मुळात पानांचीच रूपं आहेत, हे त्याचं म्हणणं. पुढे १९९१ मध्ये कोएन आणि मेयरोवित्झ या शास्त्रज्ञांनी त्यामागची जनुकं मांडली. जनुकांचे तीन गट मिळून फुलाचे भाग ठरवतात आणि त्यातला तिसरा गट पुंकेसर व स्त्रीकेसर घडवतो, शिवाय 'आता पुरे' हा निरोपही देतो. तो गट दुबळा पडला की पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि फूल संपायचं नाव घेत नाही.

आता गंमत बघा. जवळजवळ सगळ्या रानटी गुलाबांना पाकळ्या पाचच असतात. आपल्याला आवडणारे भरगच्च गुलाब पुंकेसरांच्या पाकळ्या होऊनच आलेले आहेत, म्हणजे हा तिसरा गट त्यांच्यात आधीच आवरता घेतलेला आहे. त्यामुळे डबल गुलाब या विचित्रपणाच्या उंबरठ्यावरच उभा असतो. जरा धक्का लागला की पलीकडे.

खात्री करायची असेल तर असं एक फूल ब्लेडनं उभं कापून पाहा. नेहमीच्या गुलाबात पाकळ्यांच्या खाली एक फुगीर, पेल्यासारखी पोकळ गाठ असते. फळ धरलं तर तिथेच धरतं. फुलातून फूल आलेल्या गुलाबात ही गाठ बहुतेकदा झालेलीच नसते. खालचा देठ हिरवागार, अखंड तसाच पाकळ्यांमधून वर गेलेला दिसतो. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की व्हायरसची भीती मनातून जाते.

पण हा रोग नाही ना? बाजूच्या कुंड्यांना लागेल का?

नाही आणि नाही. पानं नेहमीसारखी, नवी फूट नेहमीसारखी आणि फक्त एखाददोन फुलंच अशी असतील, तर काळजीचं कारण नाही.

मग होतं कशामुळे?

मुख्य कारण म्हणजे कळी घडत असताना झाडाला बसलेला ताण, आणि त्यातही तापमानाची चढउतार. मुंबईत हे फेब्रुवारी-मार्चमध्ये हमखास घडतं. पहाटे पारा अठरा-वीसवर असतो आणि दुपारी पस्तिसाच्या पुढे जातो. समुद्रावरचा वारा ज्या दिवशी उशिरा सुरू होतो त्या दिवशी तर दुपार नुसती भाजून काढते. दुसरा हंगाम ऑक्टोबरच्या उकाड्याचा, तेव्हा पावसात रुळलेलं झाड एकदम उन्हात सापडतं.

याशिवाय शहराची स्वतःची काही कारणं आहेत. त्यातलं सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे एसीचं बाहेरचं युनिट. शेजाऱ्यांच्या किंवा आपल्याच युनिटचा गरम झोत ग्रीलमधल्या कुंडीवर येत असेल, तर त्या फांद्यांसाठी हवामान खात्याचा आकडा निरुपयोगी आहे. चार दिवस कुंडी कोरडी, मग बादलीभर पाणी, हेही एक कारण. युरिया किंवा डीएपी चमच्याऐवजी मुठीनं घातलं की नत्राचा मारा होतो आणि झाड फुलायचं सोडून वाढायच्या मागे लागतं. माव्यानं किंवा फुलकिड्यांनी अगदी कोवळ्या शेंड्याला इजा केली तरी पुढे वेडंवाकडं फूल येऊ शकतं. आणि काही जातींचा मुळातच तसा कल असतो, विशेषतः जुन्या, खूप पाकळ्यांच्या गुलाबांचा आणि काही फ्लोरिबंडांचा, म्हणजे झुपक्यानं फुलणाऱ्या गुलाबांचा.

फूल उमललं त्याच आठवड्यात गावी गेलो होतो, पाणी पडलं नाही. त्यामुळे झालं का?

त्या आठवड्यामुळे नाही. ही गोष्ट नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण दोष नेहमी चुकीच्या दिवसाला दिला जातो. छाटणीनंतर फूल यायला मुंबईत साधारण सहा ते सात आठवडे लागतात. पण फुलाचे भाग ठरतात ते सुरुवातीलाच, नवी फूट जेमतेम बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी असताना, कळीचा मागमूसही दिसत नसताना. म्हणजे आज दिसणारा बिघाड साधारण महिनाभर आधीचा आहे. तेव्हा कॅलेंडर मागे उलटा. त्या दिवसांत उन्हाचा तडाखा होता का, खत दिलं होतं का, औषध फवारलं होतं का, इमारतीला रंग देताना परांचीच्या जाळीमागे झाड अंधारात होतं का, ते आठवा. बहुतेकदा कारण सापडतं.

ते फूल ठेवायचं की कापायचं?

आवडलं तर ठेवा, झाडाला त्यानं इजा होत नाही. मात्र मधली कळी धड उमलेल अशी आशा धरू नका. ती बहुधा खुरटी राहते आणि पावसाचं पाणी अडकलं तर कुजते. कापायचं असेल तर नेहमीसारखंच कापा: फुलाखालचं पहिलं पाच पानी पान शोधा, त्याच्या बगलेतला डोळा (जिथून नवी फूट निघते तो अंकुर) बाहेरच्या बाजूला बघणारा हवा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्यायचा. मग पुढच्या बहराची वाट पाहा. एका फुलावरून झाडाचा निकाल लावू नये.

असं फूल देवाला चालतं का? गुलकंदात घातलं तर?

फूल निरोगी आहे, देवाला वाहायला काहीच हरकत नाही. कुणी याला शुभ म्हणतं, कुणी अशुभ. झाडाला मात्र फक्त ऊन जास्त झालेलं असतं. गुलकंदाचं म्हणाल तर प्रश्न विचित्र फुलाचा नसून औषधांचा आहे. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या किंवा कीटकनाशक फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या खाण्यात घेऊ नका, मग फूल कितीही देखणं असो.

आमच्याकडे पूर्ण हिरवं फूल आलं. पाकळ्याच नाहीत, सगळी हिरवी पानंच.

इथे जरा थांबून नीट पाहायला हवं, कारण यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

एक, तुमच्याकडे हिरवा गुलाबच आहे. चिनी गुलाबाचा 'व्हिरिडिफ्लोरा' हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बागांमध्ये लावला जातो. त्याच्या प्रत्येक फुलात पाकळ्यांच्या जागी अरुंद, दातेरी हिरवी निदलंच असतात आणि जुनी झाली की त्यांवर तांबूस झाक येते. झाडावरचं प्रत्येक फूल, प्रत्येक हंगामात तसंच असेल तर तुमच्याकडे एक दुर्मीळ जात आहे, तिला जपा.

दोन, उन्हाच्या ताणानं एखादंदुसरं फूल हिरवं झालं, बाकीची ठीक आहेत. यालाही वरचंच उत्तर: कापा आणि वाट पाहा.

तीन, फायटोप्लाझ्मा. हे जिवाणूंच्या कुळातले पण पेशीभित्ती नसलेले सूक्ष्मजीव झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतात आणि तुडतुडे त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. फुलांची पानं होणं, पानं बारीक व पिवळट पडणं, बगलेबगलेतून फुटींचे झुपके निघणं ही त्यांची खूण. शेतकऱ्यांना तिळावरचा आणि वांग्यावरचा असा रोग चांगला माहीत आहे. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर आसपासच्या सदाफुलीकडे बघा. सदाफुलीवर हा रोग लवकर उठून दिसतो: गुलाबी फुलांच्या जागी हिरवट, चुरगळलेली फुलं आणि नखाएवढी पानं. तुमच्या गॅलरीत अशी सदाफुली असेल आणि गुलाबही बहरामागून बहर हिरवी फुलं देत असेल, तर संशयाला जागा आहे. बुरशीनाशकाचा यावर काही उपयोग नाही. बाधित सदाफुली आधी काढून टाका, तुडतुड्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि गुलाबाचा आणखी एक बहर पाहा.

कळीखालची हिरवी पानं फारच लांब, अगदी खऱ्या पानासारखी झाली आहेत.

ती निदलं. थोडी लांब, झालरदार असणं अनेक जातींत नेहमीचंच आहे. कधी नीट निरखून पाहा: पाच निदलांपैकी दोघांना दोन्ही कडांना झालर असते, दोघांना एकाही कडेला नसते आणि पाचव्याला फक्त एका बाजूला. युरोपात यावर पाच भावांचं जुनं कोडं आहे, दोघांना दाढी, दोघांना नाही, एकाला अर्धी. कळीत निदलं एकमेकांवर ज्या क्रमानं चढतात त्यात झाकलेली कड गुळगुळीत राहते, उघडी कड झालर धरते. एवढी शिस्त शाबूत असेल तर निदल कितीही लांब असो, चिंता नको.

दांडा पट्टीसारखा चपटा झाला आहे आणि टोकाला दोन-तीन फुलं चिकटली आहेत.

शेंड्याचा वाढबिंदू एका ठिपक्याऐवजी रेघेसारखा पसरला की असं होतं. आपल्या ओळखीचा कोंबडा, तो मखमली तुऱ्याचा, हेच पिढ्यान्‌पिढ्या करत आलेला आहे. त्यात ते आनुवंशिक आहे आणि त्याचंच सौंदर्य आहे. गुलाबात बहुधा एखाद्या फांदीपुरतं असतं, शेंड्याला इजा झाल्यानं किंवा एकदम जोमदार वाढ झाल्यानं. चपटी फांदी खालच्या गोल भागापर्यंत कापली की झालं.

कळ्या भरपूर येतात, पण उघडतच नाहीत.

महिना कोणता ते आधी सांगा.

जून ते सप्टेंबरमध्ये असेल तर पाऊस. बाहेरच्या पाकळ्या भिजतात, मग अधूनमधून पडणाऱ्या उन्हात वाळून कागदासारख्या एकमेकींना चिकटतात आणि आतल्या पाकळ्या कोंडल्या जातात. त्यात करडी बुरशी शिरली की कळी तपकिरी होऊन मान टाकते. पांढऱ्या आणि फिक्या गुलाबांच्या पाकळ्यांवर पावसात गुलाबी ठिपके दिसतात, तीही हीच बुरशी. अगदी सुरुवातीला कळी हातात घेऊन बाहेरच्या एक-दोन वाळक्या पाकळ्या नखानं हलकेच सोडवल्या तर बरेचदा ती उमलते. कुजलेल्या कळ्या मात्र कुंडीत पडू देऊ नका, वेचून बाहेर टाका. शक्य असेल तर कुंड्या आत सरकवून छपराखाली घ्या, दोन झाडांत हवा खेळेल इतकं अंतर ठेवा. खूप पाकळ्यांच्या जाती मुंबईच्या पावसात फुलवण्याचा अट्टहास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या कळ्या चिमटून टाका, झाडाला पानं वाढवू द्या.

कोरड्या महिन्यांत असेल तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर कळी आपटून पाहा. बारीक, लांबट, पिवळट-तपकिरी किडे पळताना दिसतील. पाकळ्यांच्या कडा करपलेल्या, कळी एका बाजूला वाकलेली, ही त्यांची करणी. बाधित कळ्या काढून पिशवीत बंद करा. लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. भर उन्हात निमतेल फवारलं तर पानं करपतात.

नवी फूट लालभडक आहे, काटे खूप आहेत. इंटरनेटवर रोझ रोझेट म्हणतात तेच का?

बहुतेकदा नाही. बहुतेक गुलाबांची कोवळी पानं लालसरच असतात आणि पंधरा-वीस दिवसांत हिरवी होतात. तेवढं थांबा.

रोझ रोझेट हा खरोखर घातक रोग आहे. त्याचा विषाणू २०११ मध्ये ओळखला गेला आणि वाऱ्यावर वाहून येणारी अतिसूक्ष्म कोळी कीड तो पसरवते. त्यानं सर्वाधिक नुकसान उत्तर अमेरिकेत केलं. भारतातल्या बागेतल्या गुलाबांवरही त्याची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आहे, म्हणून 'तो आपल्याकडे नसतोच' असं मी म्हणणार नाही. पण नुसता लाल रंग म्हणजे हा रोग नव्हे. फूट महिनाभरानंतरही लाल, दांड्यावर मऊ काट्यांची दाटी, फांदी खालच्या फांदीपेक्षा जाड, एकाच जागेतून झाडूसारखा झुपका आणि कळ्या वेड्यावाकड्या, असं सगळं एकत्र दिसलं तरच संशय घ्या.

त्याआधी सोसायटीच्या माळ्याला एक प्रश्न विचारा: खालच्या पेव्हरमधलं गवत मारायला तणनाशक फवारलं का? ग्लायफोसेटचा तुषार गुलाबावर उडाला तर पुढच्या फुटीची पानं दोऱ्यासारखी अरुंद होतात आणि झुपके निघतात. दोन्हींत सहज गल्लत होते. तणनाशकाचा परिणाम असेल तर त्यानंतरच्या फुटी हळूहळू सुधारतात, रोग असेल तर वाढतच जातो.

लाल गुलाब आणला होता. आता झुपक्यानं बारीक पांढरी-गुलाबी फुलं येतात. गुलाबानं रंग बदलला?

रंग बदललेला नाही, झाडच बदललं. नर्सरीतला गुलाब म्हणजे रानटी गुलाबाच्या मुळासकट खुंटावर कलम करून भरलेला चांगल्या जातीचा डोळा. त्या जोडाच्या खालून फूट आली की ती खुंटाची. ती जोमानं वाढते आणि वरच्या कलमाला उपाशी मारते. जोडाची गाठ शोधा, माती जरा उकरा, फूट जिथून निघाली तिथून खाली ओढून उपटा. नुसती कापलीत तर चार नव्या येतील. वरचं कलम आधीच वाळलं असेल तर मात्र तो लाल गुलाब गेला.

एकाच फांदीवर वेगळ्या रंगाचं फूल आलं आणि ती फांदी जोडाच्या वरची आहे.

मग अभिनंदन! एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होऊन अशी फांदी येते, तिला स्पोर्ट म्हणतात. 'पीस' या गाजलेल्या गुलाबाच्या अशाच फांदीतून 'शिकागो पीस' आला. हाच बदल किरणोत्सर्गानं घडवून आणता येतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पट्टेदार 'अभिसारिका' तसाच 'किस ऑफ फायर'पासून मिळाला. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं भुईमुगाच्या जाती अशा मार्गानं दिल्या आहेत. तुमच्या फांदीवर दुसऱ्या बहरातही तोच रंग टिकला तर त्या फांदीचा डोळा जाणकाराकडून खुंटावर भरून घ्या.

एप्रिलमध्ये फुलं छोटी आणि पाकळ्या कमी का?

उष्णतेमुळे. थंडीत घडलेल्या कळीत पाकळ्या जास्त असतात. भायखळ्याच्या राणीच्या बागेत पालिकेच्या प्रदर्शनात दिसणारे टपोरे गुलाब हिवाळ्यात घडलेले असतात, त्यांच्याशी एप्रिलच्या फुलाची तुलना करू नका.

फांद्या वाढतात, कळीच येत नाही.

ऊन कमी पडतंय. पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर फांदी वांझ निघते. शेंड्याकडून दोन पानं खाली कापा आणि कुंडीची जागा बदला.

पुढच्या वेळी हे टाळायला काय करायचं?

पूर्णपणे टाळता येत नाही, कमी मात्र करता येतं. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर धरतात. त्यानंतर हवा जरा कोरडी झाली की मोठी छाटणी करा, म्हणजे नवी फूट ऑक्टोबरच्या उकाड्यातून लवकर बाहेर पडते आणि फुलं डिसेंबरच्या थंडीत मिळतात. जानेवारीअखेर पुन्हा जोरदार छाटणी केलीत तर त्या कळ्या नेमक्या फेब्रुवारीच्या चढउतारात घडतील, म्हणून तेव्हा फक्त वाळकी फुलं काढा. फूट कोवळी असतानाचे पहिले तीन आठवडे पाणी चुकवू नका आणि त्या काळात रासायनिक खत देऊ नका. शेणखत किंवा गांडूळखत पुरेसं आहे. मार्चपासून दुपारच्या उन्हाला आडोसा म्हणून हिरवी जाळी लावा, कुंडीत वर नारळाच्या शेंडीचं किंवा सुक्या पानांचं आच्छादन घाला. आणि ते एसीचं युनिट विसरू नका.

मग झाड खरंच कधी काढून टाकायचं?

सलग दोन-तीन बहर सगळी फुलं बिघडलेली असतील आणि त्याबरोबर पानं व फांद्याही बिघडलेल्या असतील तेव्हाच. शक्य असेल तर त्याआधी कृषी महाविद्यालयातल्या किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या वनस्पतिरोग जाणणाऱ्या माणसाला फोटो नव्हे, फांदी दाखवा. काढायचं ठरलं तर झाड हलवण्याआधी त्यावर पिशवी घाला, म्हणजे कीड उडून शेजारी जाणार नाही. मुळं बारीकसारीक तंतूंसकट काढा, कारण रोझ रोझेटचा विषाणू मातीत राहत नसला तरी जिवंत राहिलेल्या मुळात राहतो. हे अवशेष सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्यात टाकू नका. कात्री स्पिरिटनं पुसा. आणि त्या कुंडीत जुन्या मुळाचा एकही तुकडा राहिला नाही याची खात्री पटली की नवं कलम लावायला हरकत नाही.